गोदाम आणि वाहतूक प्रणालींमध्ये फाइली खात्रीने कशा पोचवाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोदाम व्यवस्थापनाची प्रणाली दर पंधरा मिनिटांनी पाठवणीच्या ऑर्डरची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) तयार करून एका एफटीपी सर्व्हरवर (एफटीपी म्हणजे यंत्रांमध्ये फाइली नेण्याची जुनी पद्धत) ठेवते. वाहतूक नियोजनाची दुसरी प्रणाली ती उचलून घेते, आणि वाहतूकदारांकडून माल कुठवर पोचला याच्या फाइली उलट दिशेने येतात. कधी ऑर्डर अर्धवट वाचल्या जातात, कधी एकाच ऑर्डरसाठी दोनदा गाडी मागवली जाते, तर कधी फाइल आलीच नाही हे ग्राहकाने विचारणा केल्यावर कळते. या स्थितीत एफटीपी सोडून एसएफटीपी, एएस२ (फाइली सुरक्षितपणे नेण्याच्या दोन पद्धती) किंवा एपीआय (प्रणालींनी फाइलीविना थेट एकमेकींशी बोलणे) यांपैकी कशाकडे वळावे, असे विचारले आहे.

माझे उत्तर असे: एसएफटीपीकडे जरूर वळा, पण वर सांगितलेल्या तिन्ही तक्रारी केवळ प्रोटोकॉल (देवाणघेवाणीचे नियम) बदलल्याने जाणार नाहीत. प्रोटोकॉलचे काम बाइट एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याचे आहे. फाइल पूर्ण झाली हे कोणी आणि कसे जाहीर करायचे, ती कोणी उचलायची, उचलल्यानंतर कोणी हलवायची, पुन्हा आली तर काय करायचे आणि आलीच नाही तर कोणाला कळवायचे, हे दोन्ही बाजूंनी आपसात ठरवायचे असते. हे ठरवलेले नसेल तर सर्वांत महागडे हस्तांतर सॉफ्टवेअरही त्याच चुका अधिक वेगाने करते.

तरीही एफटीपी का सोडायचे, ते आधी पाहू. या प्रोटोकॉलचे पहिले विवरण अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयक क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) म्हणून लिहिले, आणि आज वापरात असलेले रूप ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ मधले आहे. त्या काळच्या जाळ्यासाठी ते उत्तमच होते, पण त्यात वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि फाइलमधला मजकूर हे सारे उघड्यावर जाते. पाठवणीच्या फाइलीत माल घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि फोन क्रमांक असतात, त्यामुळे हे कारण एकटेही पुरेसे आहे. दुसरी अडचण जोडणीच्या रचनेत आहे. आज्ञा पोर्ट २१ वरून (पोर्ट म्हणजे यंत्रावरचे जोडणीचे क्रमांकित दार) जातात, तर प्रत्यक्ष मजकुरासाठी दर वेळी वेगळी जोडणी उघडली जाते. अॅक्टिव्ह पद्धतीत सर्व्हरच उलट क्लायंटकडे जोडणी करायला येतो आणि फायरवॉल त्याला अडवतो. पॅसिव्ह पद्धतीत सर्व्हरने सांगितलेल्या पोर्टवर क्लायंटने जायचे असते, त्यामुळे पोर्टांचा एक पट्टा उघडा ठेवावा लागतो. लॉगिन होते पण फोल्डरची यादी दिसत नाही, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा मूळ इथेच सापडते.

तिसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते, पण तुमच्या पहिल्या तक्रारीशी तिचा थेट संबंध आहे. एफटीपीच्या नेहमीच्या प्रवाह पद्धतीत फाइल संपली हे सांगण्यासाठी पाठवणारा मजकुराची जोडणी बंद करतो. त्यामुळे जोडणी मध्येच व्यवस्थित बंद झाल्यासारखी तुटली, तर फाइल संपली की प्रवाह खंडित झाला हे घेणाऱ्याला केवळ त्या जोडणीवरून सांगता येत नाही. एसएफटीपीमध्ये लिहिण्याच्या प्रत्येक विनंतीला सर्व्हरचे उत्तर येते आणि शेवटी फाइल बंद करण्याची स्वतंत्र विनंती असते. पाठवणाऱ्याला आपले काम पूर्ण झाले की नाही हे त्यातून नीट कळते.

एसएफटीपी आणि एफटीपीएस यांच्यात नेहमी गल्लत होते. एफटीपीएस म्हणजे तेच जुने एफटीपी, टीएलएस या गुप्तीकरणाच्या आवरणात. त्याची जोडणी पोर्ट २१ वर सुरू होऊन नंतर सुरक्षित होते किंवा पोर्ट ९९० वर पहिल्यापासूनच सुरक्षित असते. दोन जोडण्यांचा त्रास त्यात तसाच राहतो, उलट वाढतो, कारण आज्ञांची जोडणीच गुप्त झाल्यामुळे कोणता पोर्ट उघडायचा हे फायरवॉलला वाचता येत नाही. एसएफटीपी हा एसएसएचवर (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करण्याच्या पद्धतीवर) चालणारा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे. एफटीपीशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. सारे काही पोर्ट २२ वरच्या एकाच जोडणीतून जाते आणि पासवर्डऐवजी किल्ल्यांची (एक गुप्त, एक उघड) जोडी वापरता येते. भागीदाराने एफटीपीएसचाच आग्रह धरला नसेल, तर नव्या जोडणीसाठी एसएफटीपी घ्यावे हे माझे स्पष्ट मत आहे.

एएस२ ची गोष्ट वेगळी आहे. जुलै २००५ च्या आरएफसी ४१३० मध्ये सांगितलेली ही पद्धत एचटीटीपीवरून सही केलेला आणि गुप्त केलेला संदेश पाठवते, आणि घेणारी प्रणाली एमडीएन नावाची पोचपावती परत करते. या पावतीवर घेणाऱ्याची डिजिटल सही असू शकते आणि मिळालेल्या मजकुराची हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) तिच्यात असते. त्यामुळे आम्हाला असे काही मिळालेच नाही, असे नंतर म्हणता येत नाही. मोठ्या किरकोळ विक्री साखळ्या किंवा जहाज कंपन्या यांच्याशी व्यवहार करताना, विलंबासाठी दंडाच्या अटी असताना, हा पुरावा मोलाचा ठरतो. मात्र प्रमाणपत्रांची मुदत, ती दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बदलणे आणि सतत चालू असणारा सर्व्हर ही जबाबदारी त्याबरोबर येते. स्वतःच्याच दोन प्रणालींमध्ये एएस२ बसवण्याचे कारण मला दिसत नाही.

आता अर्धवट फाइलीकडे येऊ, कारण सर्वाधिक नुकसान तिथे होते. पाठवणारी प्रणाली फाइल लिहीत असतानाच घेणारी प्रणाली फोल्डर तपासते, तिला नाव दिसते आणि ती तेवढाच भाग वाचून टाकते. एडिफॅक्ट या व्यापारी संदेशांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या फाइलीत यूएनबी या सुरुवातीच्या खंडातला संदर्भ क्रमांक शेवटच्या यूएनझेड खंडात पुन्हा येतो आणि त्यात संदेशांची संख्याही असते, म्हणून शेपूट तुटले तर निदान कळते. साध्या सीएसव्हीला असा शेवटच नसतो. समजा शेवटच्या ओळीत नग १२० असे लिहायचे होते आणि वाचण्याच्या क्षणी १२ इतकेच अंक पोचले होते. नग हा त्या ओळीचा अखेरचा रकाना असेल, तर ओळ नियमाने अगदी बरोबर दिसते, प्रणाली कोणतीही त्रुटी दाखवत नाही आणि १२० ऐवजी १२ खोके गाडीत चढतात. त्रुटी दाखवून थांबणारी फाइल परवडली, कारण तिच्याकडे माणसाचे लक्ष जाते. अशी मुकाट्याने बरोबर दिसणारी फाइल खरी घातक असते.

याचा नेहमीचा उपाय म्हणजे फाइल तात्पुरत्या नावाने चढवायची आणि पूर्ण झाल्यावरच तिचे खरे नाव करायचे. घेणाऱ्याने तात्पुरत्या शेपटाच्या नावांना हातच लावायचा नाही. गाडीचे दार बंद होऊन सील लागल्याशिवाय ती फाटकाबाहेर सोडत नाहीत, तसेच हे आहे. एकाच फाइल सिस्टमवर नाव बदलणे ही अखंड क्रिया असते: घेणाऱ्याला एक तर जुने नाव दिसते किंवा नवे, अधलेमधले काही दिसत नाही. इथे तीन गोष्टी तपासून घ्या. तात्पुरते फोल्डर आणि खरे फोल्डर वेगळ्या डिस्कवर असतील, तर नाव बदलणे म्हणजे प्रत्यक्षात प्रत करणे होते आणि अखंडता जाते. ऑब्जेक्ट स्टोरेजच्या (खऱ्या फोल्डरांविना फाइली ठेवणाऱ्या क्लाउड साठ्याच्या) पुढे बसवलेल्या सर्व्हरवरही नाव बदलणे म्हणजे बहुधा नवी प्रत करून जुनी पुसणे असते, म्हणून तिथे नेमके काय घडते ते सेवा देणाऱ्याच्या दस्तऐवजात पाहावे. तिसरे म्हणजे, एसएफटीपीच्या सर्वत्र रूढ असलेल्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर नाव बदलण्याची विनंती नाकारली जाते. ही अडचण नसून संरक्षण आहे असे मी मानतो. प्रत्येक फाइलीला स्वतःचे वेगळे नाव द्यावे, म्हणजे ही वेळ येतच नाही.

काही भागीदारांच्या जुन्या सॉफ्टवेअरला नाव बदलता येत नाही. तेव्हा मूळ फाइल पूर्ण चढल्यावर त्याच नावाची पण वेगळ्या शेपटाची एक छोटी खूण-फाइल चढवण्याचा करार करावा, आणि घेणाऱ्याने खूण दिसल्यावरच मूळ फाइल उघडावी. फाइलचा आकार काही सेकंद बदलला नाही म्हणजे ती पूर्ण झाली, असे मानणारी पद्धत सर्रास दिसते, पण अडखळलेली जोडणी त्याहून जास्त वेळ थांबून राहू शकते. तो उपाय दुसरे काहीच शक्य नसेल तेव्हाचा समजावा. यांपैकी काहीही निवडले तरी सीएसव्हीच्या शेवटी नोंदींची संख्या सांगणारी एक समाप्ती-ओळ असावीच, आणि ती नसलेली किंवा संख्या न जुळणारी फाइल घेणाऱ्याने पूर्णपणे नाकारावी. फाइल अर्धी स्वीकारून अर्धी परत करणे टाळा, कारण मग कोणत्या ऑर्डर गेल्या आणि कोणत्या राहिल्या हे दोन्हीकडच्या माणसांना हाताने जुळवावे लागते.

उचलण्याच्या बाजूलाही शिस्त हवी. घेणाऱ्या प्रणालीने फाइल वाचण्याआधी ती स्वतःच्या प्रक्रियेच्या फोल्डरमध्ये हलवावी. दोन जॉब (आपोआप चालणारी कामे) एकाच वेळी चालू असतील तर हलवण्यात एकच यशस्वी होतो आणि तोच ती फाइल वाचतो. काम झाल्यावर फाइल संग्रहात जावी, नाकारली गेली तर त्रुटीच्या फोल्डरमध्ये कारणासह जावी. येणाऱ्या फाइलींचे फोल्डर नेहमी रिकामे होत राहिले पाहिजे. तिथे हजारो जुन्या फाइली साचल्या की नुसती यादी मागवायलाच वेळ लागू लागतो आणि मागच्या जॉबचे काम संपण्याआधी पुढचा जॉब सुरू होतो. फोल्डरच्या नावांबद्दलही आधीच बोलून घ्या. ‘इन’ आणि ‘आउट’ ही नावे कोणाच्या बाजूने, यावर गैरसमज होऊन दोन्ही बाजू एकाच फोल्डरमध्ये लिहीत बसल्याचे प्रकार मी पाहिले आहेत. त्याऐवजी ‘गोदामाकडून वाहतुकीकडे’ असा अर्थ निघणारी नावे ठेवली की वादच उरत नाही.

एकाच ऑर्डरसाठी दोन गाड्या लागण्याचे कारण पाठवणाऱ्याच्या पुन:प्रयत्नात असते. फाइल पूर्ण पोचली, पण यशाचे उत्तर परत येण्याआधी जोडणी तुटली, तर पाठवणाऱ्याला काहीच खात्रीने कळत नाही. त्याने पुन्हा पाठवणे हेच योग्य आहे, कारण न पाठवल्यास ऑर्डर हरवण्याचा धोका आहे. म्हणून फाइल एकदाच येईल अशी हमी पाठवणाऱ्याकडे मागण्यापेक्षा, ती दोनदा आली तरी परिणाम एकदाच होईल अशी रचना घेणाऱ्याने करावी. नुसते फाइलचे नाव लक्षात ठेवून भागत नाही, कारण पुन्हा तयार झालेल्या फाइलीच्या नावात नवी वेळ असते. हॅश तपासणे उपयोगी आहे, पण शीर्ष-ओळीत तयार केल्याची वेळ असेल तर तीही बदलते. खरा आधार आतल्या ओळखीचा असतो: फाइलीचा नियंत्रण क्रमांक आणि प्रत्येक ऑर्डरचा क्रमांक व आवृत्ती. ऑर्डर तीच आणि आवृत्ती तीच असेल तर नोंद सोडून द्यावी. आवृत्ती पुढची असेल तर दुरुस्ती समजावी आणि मागची असेल तर दुर्लक्ष करून लॉगमध्ये लिहावे. ऑर्डरच्या नोंदीत आवृत्तीचा रकाना नसेल, तर प्रोटोकॉल बदलण्याआधी तो रकाना घाला.

क्रमाचा प्रश्न याच्याच शेजारचा आहे. ऑर्डर रद्द केल्याची फाइल मूळ ऑर्डरच्या आधी वाचली गेली, तर रद्द करायला काहीच सापडत नाही, आणि नंतर मूळ ऑर्डर जिवंत होते. सर्व्हरवरच्या बदलाच्या वेळेवरून फाइली लावू नयेत, कारण पुन्हा चढवलेल्या फाइलीची वेळ नवी होते. नावातच चढता अनुक्रमांक आणि यूटीसीमधली (जागतिक प्रमाणवेळेतली) वेळ असावी. स्थानिक वेळ वापरली आणि तिथे घड्याळ ऋतूनुसार बदलत असेल, तर वर्षातून एकदा तोच तास दोनदा येतो. वाहतूकदारांच्या स्थितीच्या संदेशांत, मग ते एडिफॅक्टचे आयएफटीएसटीए असोत की एक्स१२ या अमेरिकी मानकातले २१४, घटना घडल्याची वेळ वेगळी दिलेली असते. निर्णय त्या वेळेवरून घ्यावा, संदेश कधी पोचला त्यावरून नव्हे, नाहीतर पोच झालेला माल पुन्हा वाटेत दिसू लागतो.

फाइल आलीच नाही हे कळण्यासाठी दोन व्यवस्था लागतात. पहिली पोचपावतीची. सर्व्हरने फाइल घेतली, रचना बरोबर निघाली आणि व्यवहार मान्य झाला या तीन निराळ्या गोष्टी आहेत. एक्स१२ मध्ये ९९७ आणि एडिफॅक्टमध्ये कंट्रोल हे संदेश प्रामुख्याने रचनेबद्दल बोलतात, तर २०४ या संदेशाने देऊ केलेला भार वाहतूकदाराने स्वीकारला की नाही हे ९९० सांगतो. सीएसव्ही वापरत असाल तर उलट दिशेने येणारी एक छोटी पावती-फाइल पुरे आहे: नियंत्रण क्रमांक, मिळालेल्या नोंदी, मान्य नोंदी, आणि नाकारलेल्यांचे क्रमांक कारणांसह. ठरलेल्या वेळेत पावती आली नाही की पाठवणाऱ्याच्या बाजूला अलर्ट वाजला पाहिजे. दुसरी व्यवस्था घेणाऱ्याकडची. ऑर्डर नसतील तेव्हाही शीर्ष आणि समाप्ती-ओळ असलेली रिकामी फाइल पाठवायला सांगा. मग फाइल न येणे याचा अर्थ नेहमी बिघाड असाच होतो, आणि आज काम कमी असेल अशा समजुतीने कोणी शांत बसत नाही. निरीक्षणाचा जॉब हस्तांतराच्या सर्व्हरवरच ठेवू नका, कारण तो सर्व्हर पडला तर सांगणाराही त्याच्याबरोबर पडतो.

मजकुराबाबत स्थलांतरापूर्वी एक गोष्ट नक्की तपासा. एफटीपीच्या अॅस्की (साध्या मजकुरासाठीच्या) पद्धतीत ओळीच्या शेवटच्या खुणा दोन यंत्रांच्या रिवाजाप्रमाणे आपोआप बदलल्या जात आणि मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवरून येणाऱ्या फाइलींत अक्षरसंकेतांचेही रूपांतर होई. एसएफटीपीची तिसरी आवृत्ती बाइट जसेच्या तसे नेते. त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेला वाचक कार्यक्रम नव्या मार्गावर पहिल्याच दिवशी अडखळू शकतो, आणि दोष मात्र एसएफटीपीला दिला जातो. याच अॅस्की पद्धतीत माल पोचल्याच्या पावतीची पीडीएफ किंवा स्कॅन पाठवले तर ते बिघडते, हेही लक्षात असू द्या. अक्षरसंकेत यूटीएफ-८ ठेवा आणि सुरुवातीला बीओएम (अक्षरसंकेत दाखवणारी अदृश्य खूण) असेल की नाही हे लिहून ठरवा. पत्त्यातला स्वल्पविराम किंवा नावातले एकेरी अवतरणचिन्ह हे डेटाचा भाग आहे की विभाजक, हे लिहिणाऱ्या कार्यक्रमाने योग्य रीतीने दाखवले पाहिजे. एडिफॅक्टमध्ये ते एकेरी चिन्ह खंड संपल्याची खूण असते आणि त्याआधी प्रश्नचिन्ह घालावे लागते. आणि तपासण्यासाठी म्हणून फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा साठवू नका. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक राहते. पॅलेटवरचा एसएससीसी हा ओळख क्रमांक १८ अंकी असतो, म्हणजे त्याचे शेवटचे तीन अंक शून्य होतात, आणि शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकांपुढची शून्ये गळून पडतात.

सुरक्षेत पहिली पायरी सर्व्हरच्या ओळखीची आहे. पहिल्या जोडणीच्या वेळी दिसणारी सर्व्हर-किल्लीची खूण भागीदाराकडून वेगळ्या मार्गाने मिळवून जुळवावी. कोणतीही किल्ली स्वीकारण्याची मोकळीक जॉबला देऊ नये. प्रत्येक भागीदाराला स्वतंत्र खाते, स्वतंत्र किल्ली आणि आपल्या फोल्डरबाहेर जाता न येणारी मर्यादा असावी. जुनी क्लायंट सॉफ्टवेअरे आधीच मोजून ठेवा, कारण सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच (एसएसएचचे रूढ सॉफ्टवेअर) ८.८ पासून एसएचए-१ या जुन्या हॅशवर आधारलेल्या आरएसए प्रकारच्या सह्या डीफॉल्टनेच बंद आहेत. आरएसए किल्ल्या नव्या सह्यांसह चालतात, पण ज्या जुन्या क्लायंटना नवी सही करता येत नाही ते सर्व्हर अद्ययावत केल्याबरोबर बाहेर पडतात.

दुसरी पायरी म्हणजे सर्व्हरवर फाइली साठू न देणे. मे २०२३ च्या अखेरीस मूव्हइट ट्रान्सफर या फाइल हस्तांतराच्या उत्पादनातील एसक्यूएल इंजेक्शनच्या (डेटाबेसमध्ये बाहेरून आज्ञा घुसवू देणाऱ्या) त्रुटीचा फायदा घेऊन क्लॉप या टोळीने अनेक संस्थांच्या फाइली चोरल्या. अशा सर्व्हरला इंटरनेटकडे तोंड करूनच बसावे लागते, म्हणून उचललेली फाइल तिथून लगेच काढून संग्रह आतल्या जाळ्यात ठेवावा. संवेदनशील फाइल पाठवण्याआधीच पीजीपी या गुप्तीकरणाच्या साधनाने गुप्त करावी, म्हणजे सर्व्हर फुटला तरी मजकूर वाचता येत नाही.

एपीआयबद्दल थोडक्यात सांगतो. दराची विचारणा, गोदामाच्या धक्क्यावरची वेळ राखून ठेवणे किंवा गाडीचे ताजे ठिकाण, म्हणजे जिथे माणूस उत्तराची वाट पाहत बसलेला आहे, तिथे एपीआयच हवे. दिवसअखेरचा साठा, हजारो ओळींच्या ऑर्डर आणि वाहतुकीची बिले यांसाठी फाइल अजूनही उत्तम आहे, कारण समोरची प्रणाली तासभर बंद असली तरी फाइल वाट पाहते आणि नंतर पुन्हा वाचता येते. शिवाय आवृत्ती, दुबार नोंदी आणि क्रम यांचे सारे प्रश्न एपीआयमध्येही तसेच येतात.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. आधी आहे त्याच एफटीपीवर तात्पुरते नाव, समाप्ती-ओळ, ऑर्डरची आवृत्ती आणि पावती-फाइल सुरू करा. यातले बहुतेक काम तुमच्या दोन प्रणालींतच होते आणि तिन्ही तक्रारींना त्यातूनच आळा बसतो. मग एकेका भागीदाराला एसएफटीपीवर न्या. सुरुवातीला नव्या मार्गाने आलेल्या फाइली केवळ जुन्या मार्गाच्या फाइलींशी बाइट-बाइट जुळवून पाहा, त्यांवर प्रक्रिया करू नका. महिनाअखेरीची गर्दी आणि एखादी रिकामी फाइल या दोन्ही गोष्टी त्या काळात येऊन गेल्या पाहिजेत. जुळणी नीट झाली की प्रक्रिया नव्या मार्गावर वळवा आणि त्याच दिवशी त्या भागीदाराचे एफटीपी खाते बंद करा, कारण उघडे राहिलेल्या खात्यावर एखादा विसरलेला जॉब जुन्या फाइली टाकत राहतो आणि त्या कोणीही उचलत नाही.